अग्रक्रयाचा हक्क आणि न्यायालयातील भरणा

जमीन किंवा घर विकण्याची वेळ आली की कुटुंबातील एखादा हिस्सेदार, शेजारी अथवा कूळ पुढे येऊन म्हणतो, ‘बाहेरच्याला देण्यापूर्वी ते मला द्या.’ या मागणीला काही विशिष्ट परिस्थितीत कायद्याचा आधार असतो. विकली जाणारी मिळकत इतर कोणाहीपूर्वी विकत घेण्याच्या या हक्कास अग्रक्रयाधिकार असे म्हणतात. जुन्या दप्तरांत तो ‘हक्कशफा’ या नावाने आढळतो. हा हक्क कोणाला आहे व कोणाला नाही, याची चर्चा गावोगाव चालते. परंतु हा हक्क प्रत्यक्षात उतरविण्यासाठी ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी न्यायालयात भरावी लागते, आणि त्यात कसूर झाल्यास जिंकलेला दावाही हातचा जातो, ही गोष्ट अनेकांना फार उशिरा कळते. या विषयाची मूळ तत्त्वे, महाराष्ट्रातील त्याची वाटचाल आणि रक्कम भरण्यासंबंधीचे नियम यांचा हा परिचय.

विलेपार्ल्याचे उदाहरण

विलेपार्ले हे साष्टीतील जुने गाव. १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढण्यात आला आणि १९५० मध्ये हे उपनगर बृहन्मुंबईत समाविष्ट झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रेल्वेच्या दोन्ही बाजूंस अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांनी भूखंड घेऊन येथे घरे बांधली. घर बांधणाऱ्या मूळ पुरुषाचे एकच नाव असलेली मिळकत पत्रिका दोन पिढ्यांनंतर सात-आठ वारसांच्या नावांनी भरून जाते. एक भाऊ त्या घरात राहतो, दुसरा नोकरीनिमित्त परगावी स्थायिक झालेला असतो, बहीण सासरी असते. त्यांपैकी एकाला आपला हिस्सा विकून पैसा मोकळा करावयाचा असतो आणि दुसऱ्याला वडिलांचे घर परक्याच्या हाती जाऊ द्यावयाचे नसते. जमिनीच्या किमती वाढल्यामुळे हा प्रश्न केवळ भावनेचा राहिलेला नाही. राहत्या घराचा एक भाग त्रयस्थाने विकत घेतला, तर तेथे राहणाऱ्या कुटुंबाचे पुढील सारे आयुष्य त्या व्यवहाराशी बांधले जाते.

अशा प्रसंगी ‘पहिला हक्क आमचाच’ हे वाक्य सहज उच्चारले जाते. तथापि त्या हक्काचे स्वरूप काय, तो कोणत्या कायद्याने मिळतो आणि तो बजावण्यासाठी किती पैसा, केव्हा व कोठे उभा करावा लागतो, हे नीट समजून घेतल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ प्राप्त होत नाही.

हक्काचे स्वरूप

अग्रक्रयाधिकार मुस्लिम विधीतून भारतात आला आणि रूढीने काही प्रदेशांतील हिंदूंमध्येही रुजला. पूर्वीच्या मुंबई इलाख्यातील गुजरातच्या काही भागांत अशी रूढी न्यायालयांनी मान्य केली होती. मुस्लिम विधीप्रमाणे हक्क सांगणाऱ्याने विक्रीची वार्ता कळताच तात्काळ पहिली मागणी करावयाची, त्यानंतर साक्षीदारांसमक्ष दुसरी मागणी करावयाची आणि तरीही मिळकत न मिळाल्यास दावा दाखल करावयाचा, असा क्रम आहे. या मागण्या करतेवेळी रोख रक्कम पुढे ठेवणे आवश्यक नसते. न्यायालय ठरवील ती योग्य किंमत देण्याची तयारी असली म्हणजे पुरते. पैशाची खरी कसोटी पुढे, हुकूमनाम्याच्या वेळी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये बिशन सिंग विरुद्ध खजान सिंग या प्रकरणात या हक्काचे विवेचन केले. अग्रक्रयाधिकार म्हणजे मूळ खरेदीदाराच्या जागी स्वतः उभे राहण्याचा हक्क होय. त्यामुळे विकलेली मिळकत संपूर्ण घ्यावी लागते. त्यातील सोयीचा तुकडा निवडून उरलेला नाकारता येत नाही. खरेदीदाराच्या जागी उभे राहावयाचे म्हटल्यावर त्याने दिलेली किंमतही द्यावयास हवी, हे ओघानेच येते.

शेजाराच्या नात्याने मिळणारा अग्रक्रयाधिकार मात्र पुढे टिकला नाही. १९६२ मध्ये भाऊराम विरुद्ध बैजनाथ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केवळ लगतचा मालक म्हणून दिलेला हक्क घटनाविरोधी ठरविला, आणि १९६४ मध्ये रूढीवर आधारलेल्या तशाच हक्कासही तोच न्याय लावला. १९८६ मध्ये हरियाणातील एका प्रकरणात केवळ रक्ताच्या नात्यावर आधारलेला हक्कही रद्दबातल झाला. सहहिस्सेदाराचा हक्क मात्र न्यायालयांनी सामान्यतः वाजवी मानला; कारण एकत्र मिळकतीत परक्याचा प्रवेश टाळणे आणि विभागलेले हिस्से एका हाती आणणे हा त्याचा उद्देश आहे.

वऱ्हाडातील अनुभव

आजच्या महाराष्ट्रापुरते पाहिले, तर या हक्काचा स्पष्ट लेखी कायदा वऱ्हाडात होता. १९२८ च्या वऱ्हाड जमीन महसूल संहितेत एकाच सर्व्हे नंबरातील सहखातेदारांना अग्रक्रयाधिकार देणाऱ्या तरतुदी होत्या. या संहितेखालील एक वाद राधाकिसन तोष्णीवाल विरुद्ध श्रीधर आळशी या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल १९६० मध्ये लागला. न्यायालयाने त्यात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. पहिली अशी की, केवळ विक्रीचा करार झाल्याने हा हक्क उत्पन्न होत नाही. विक्री पूर्ण व्हावी लागते. दुसरी अधिक महत्त्वाची. अग्रक्रयाधिकारी हा दोघांमधील कायदेशीर व्यवहार मोडावयास निघालेला असतो. त्यामुळे न्यायबुद्धीचा कौल त्याच्या बाजूने झुकत नाही, आणि विक्रेत्याने व खरेदीदाराने कायदेशीर मार्गांनी हा हक्क टाळला तर ती लबाडी ठरत नाही.

विधिज्ञ या हक्काला दुर्बल हक्क म्हणतात ते याच अर्थाने. हक्क दुर्बल असल्यामुळे त्याच्या अटी काटेकोरपणे पाळाव्या लागतात, आणि त्यांतील सर्वांत काटेकोर अट पैसे भरण्याची आहे.

१९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आली. तीत सहखातेदाराला असा सर्वसाधारण अग्रक्रयाधिकार देणारे प्रकरण नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात जमिनीचा तुकडा लगतच्या धारकास देण्याची जी तरतूद करण्यात आली, ती विक्रेत्यावर घातलेली मर्यादा होती; न्यायालयात पैसे भरून झालेली विक्री आपल्याकडे वळविण्याचा हक्क तिने शेजाऱ्यास दिला नाही. ‘बांधाशेजारच्याचा पहिला हक्क’ ही ग्रामीण भागात प्रचलित असलेली समजूत म्हणूनच तपासून घेणे आवश्यक आहे.

हुकूमनामा आणि भरण्याची तारीख

अग्रक्रयाच्या दाव्यातील हुकूमनामा कसा असावा, हे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश २०, नियम १४ मध्ये सांगितले आहे. वादीचा हक्क सिद्ध झाला आणि खरेदीची रक्कम अद्याप न्यायालयात भरलेली नसली, तर न्यायालय हुकूमनाम्यात एक तारीख नमूद करते. त्या तारखेस वा तत्पूर्वी वादीने खरेदीची रक्कम आणि त्याच्यावर दाव्याचा खर्च बसविला असल्यास तो खर्चही न्यायालयात भरावयाचा असतो. रक्कम भरली की प्रतिवादीने, म्हणजे मूळ खरेदीदाराने, मिळकतीचा ताबा द्यावयाचा. रक्कम भरली नाही तर दावा खर्चासह फेटाळला जातो.

या नियमातील एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. वादीची मालकी हुकूमनाम्याच्या तारखेपासून अथवा मूळ विक्रीच्या तारखेपासून सुरू होत नाही; ती रक्कम भरल्याच्या दिवसापासून सुरू झाली असे मानले जाते. शेतातील पीक अथवा घराचे भाडे त्या दिवसापर्यंत खरेदीदाराचे राहते. भरणा हा अशा रीतीने मालकीचा आरंभबिंदूच आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. खरेदीची किंमत ६,००,००० रुपये ठरली आणि वादीवर १५,००० रुपये खर्च बसविण्यात आला. वादीने शेवटच्या दिवशी ६,००,००० रुपये भरले आणि खर्चाची रक्कम नंतर देता येईल असे गृहीत धरले. हुकूमनाम्याची अट ६,१५,००० रुपयांची होती. म्हणून कायद्याच्या दृष्टीने अटीची पूर्तता झाली नाही. हिशेबातील अशी चूक पैशाअभावी होत नाही. हुकूमनामा नीट न वाचल्यामुळे ती होते.

एकापेक्षा अधिक व्यक्तींचे दावे मान्य झाले असतील, तर त्याच नियमात त्यांचीही व्यवस्था आहे. हक्क समान दर्जाचे असल्यास प्रत्येकाला प्रमाणशीर हिस्सा मिळतो, आणि एकाने रक्कम भरली नाही तर त्याचा हिस्सा भरणा करणाऱ्या दुसऱ्याकडे जातो. हक्क वरिष्ठ व कनिष्ठ दर्जाचे असल्यास वरिष्ठ हक्कदाराने भरणा चुकविल्यानंतरच कनिष्ठाची पाळी येते.

अपील केले म्हणून मुदत थांबते काय?

अनेक पक्षकारांचा समज असा असतो की, अपील दाखल झाले की खालच्या न्यायालयाच्या साऱ्या तारखा आपोआप स्थगित होतात. तत्कालीन हैदराबाद राज्यातून सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या नागुबा आप्पा विरुद्ध नामदेव या १९५४ च्या प्रकरणाने हा समज दूर केला. केवळ अपील दाखल केल्याने अग्रक्रयाचा हुकूमनामा स्थगित होत नाही. अपील न्यायालय त्यात बदल करीत नाही तोवर वादी त्याच्या निर्देशांनी बांधलेला असतो आणि कसूर झाल्यास दावा फेटाळलेला ठरतो, असे न्यायालयाने सांगितले. मराठवाड्याचे जिल्हे त्या वेळी हैदराबाद राज्यातच होते. त्यामुळे या निर्णयाचे महत्त्व तेथील पक्षकारांना विशेष होते.

वरिष्ठ न्यायालयाने स्थगिती दिली असेल तर स्थिती वेगळी असते. दत्तात्रय विरुद्ध शेख महबूब या, १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने असे विवेचन केले की, या हुकूमनाम्यातील दोन्ही बाजूंची कर्तव्ये परस्परांवर अवलंबून आहेत. वादीने पैसे भरावयाचे आणि प्रतिवादीने ताबा द्यावयाचा. ताबा देण्यास स्थगिती मिळाली, तर पैसे भरण्याच्या बंधनावरही तिचा परिणाम होतो. या दोन निर्णयांचा एकत्रित बोध असा की, अपिलावर विसंबून राहू नये. स्थगितीचा लेखी आदेश हाती असेल तरच, आणि त्याचा मजकूर पाहूनच, मुदतीचा विचार करावा.

मुदतवाढीची मर्यादा

न्यायालयाने ठरवून दिलेली मुदत वाढविण्याचा अधिकार संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे. २००२ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने ही वाढ एकूण ३० दिवसांपुरती मर्यादित करण्यात आली. पक्षकाराच्या आवाक्याबाहेरचे कारण असेल तेथे ही मर्यादा न्यायाच्या आड येऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटले. भरलेली रक्कम अल्पशी कमी पडली असता योग्य कारण दाखविल्यास ती पुरी करण्याची मुभा देण्याचा विवेकाधिकार न्यायालयास आहे, हेही १९८९ च्या जोहरी सिंग प्रकरणात मान्य झाले. परंतु ही सवलत मागावी लागते आणि कारण पटवून द्यावे लागते. ती हक्काने मिळत नाही.

शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम १० मधील तत्त्व असे की, त्या दिवशी न्यायालय बंद असल्यास ते ज्या पुढील दिवशी उघडेल त्या दिवशी केलेली कृती मुदतीत धरली जाते. बँकेची सुट्टी आणि न्यायालयाची सुट्टी या मात्र वेगवेगळ्या गोष्टी आहेत, याचे भान ठेवावे.

अन्य राज्यांतील तरतुदी

काही राज्यांनी दाव्याच्या आरंभीच रक्कम भरण्याची सक्ती केली. १९१३ च्या पंजाब अग्रक्रय कायद्यात वादमुद्दे निश्चित होण्यापूर्वी मिळकतीच्या संभाव्य मूल्याच्या एक-पंचमांशापर्यंत रक्कम अथवा तारण न्यायालयाने मागावे आणि ते न दिल्यास वादपत्र नाकारावे, अशी तरतूद करण्यात आली. पंजाब राज्याने हा कायदा १९७३ मध्ये रद्द केला. पश्चिम बंगालच्या १९५५ च्या जमीन सुधारणा कायद्याच्या कलम ८ मध्ये अर्जासोबतच खरेदीची रक्कम आणि तिच्यावर १० टक्के अधिक रक्कम भरण्याची अट आहे. बारासात येथील नेत्र रुग्णालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निर्णय दिला की, खरेदीखतात फुगविलेली किंमत दाखविली आहे असे अर्जदाराचे म्हणणे असले, तरी खतातील पूर्ण रक्कम १० टक्क्यांसह आधी भरली पाहिजे. किमतीची चौकशी त्यानंतर होईल.

या कडकपणामागील कारणे समजण्यासारखी आहेत. खरेदीदाराने आपला पैसा गुंतविलेला असतो आणि दावा चालू असेतो त्याची मालकी अधांतरी राहते. ज्याच्याजवळ पैसा नाही अशा व्यक्तीने केवळ अडवणुकीसाठी अथवा दुसऱ्याच्या वतीने दावा लावू नये, हा यातील हेतू आहे. भरणा म्हणजे वादीच्या सचोटीची परीक्षा होय.

कुळकायद्यातील भरणा

न्यायालयाबाहेर, पण याच तत्त्वावर चालणारा भरणा महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाखाली १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरविण्यात आला आणि त्या दिवशी कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरविलेली किंमत एकरकमी अथवा जास्तीत जास्त १२ वार्षिक हप्त्यांत न्यायाधिकरणाकडे भरावयाची होती. किमतीच्या भरण्यानंतर मिळणारे प्रमाणपत्र हा खरेदीचा निर्णायक पुरावा ठरतो. जुन्या फेरफारांची पडताळणी करताना अशा प्रमाणपत्राचे महत्त्व गावकामगारांच्या नेहमी प्रत्ययास येते.

वडिलोपार्जित घरासाठी दोन मार्ग

विलेपार्ल्यासारख्या ठिकाणी मुख्यतः दोन कायदे उपयोगी पडतात. पहिला १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे कलम २२. मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या व्यक्तीची स्थावर मिळकत दोन किंवा अधिक प्रथम वर्गातील वारसांकडे आली आणि त्यांपैकी एकाने आपला हिस्सा हस्तांतरित करण्याचे ठरविले, तर उरलेल्या वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क आहे. किंमत आपसात ठरली नाही तर न्यायालय अर्जावरून ती निश्चित करते. ठरलेल्या किमतीस अर्जदार घेण्यास तयार झाला नाही, तर अर्जाचा सर्व खर्च त्याच्यावर पडतो. एकापेक्षा जास्त वारस पुढे आल्यास सर्वाधिक किंमत देणाऱ्यास पसंती मिळते. हे कलम शेतजमिनीसही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. मुलगी ही प्रथम वर्गातील वारस असल्यामुळे हा हक्क बहिणीलाही भावाइतकाच आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

या कलमात आगाऊ रक्कम भरण्याची सक्ती नाही. परंतु न्यायालय किंमत ठरवील त्या वेळी ती देण्याची ऐपत असावी लागते. मुंबईतील घराच्या हिश्श्याची किंमत लक्षात घेता कर्जाची अथवा अन्य व्यवस्था अर्ज करण्यापूर्वीच करून ठेवणे शहाणपणाचे होय.

दुसरा मार्ग १८९३ च्या विभाजन अधिनियमाच्या कलम ४ चा. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने विकत घेतला आणि त्याने वाटपाचा दावा लावला, तर कुटुंबातील हिस्सेदाराने तो हिस्सा विकत घेण्याची हमी न्यायालयात द्यावी. मग न्यायालय मूल्यांकन करून त्या हिस्सेदारास विक्री करण्याचा आदेश देते. हा मार्ग परक्याने वाटप मागितले तरच खुला होतो. येथील ‘कुटुंब’ हा शब्द हिंदूंपुरता मर्यादित नाही. विलेपार्ल्याच्या जुन्या वस्त्यांतील ख्रिस्ती अथवा मुस्लिम कुटुंबासही त्याचा लाभ घेता येतो. शिवाय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे अशा परक्या खरेदीदारास राहत्या घराचा संयुक्त ताबा मागता येत नाही.

घ्यावयाची दक्षता

१. मिळकत पत्रिका अथवा सातबारा उतारा, वारस नोंद आणि खरेदीखताची नक्कल प्रथम मिळवावी. मृत्युपत्र आहे किंवा नाही याची खात्री करावी.

२. अग्रक्रयाच्या दाव्यास १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ९७ प्रमाणे एक वर्षाची मुदत आहे. खरेदीदाराने प्रत्यक्ष ताबा घेतल्यापासून, आणि तसा ताबा शक्य नसल्यास दस्ताच्या नोंदणीपासून, ती मोजली जाते.

३. हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल त्वरित मागवावी. त्यातील तारीख, खरेदीची रक्कम, खर्चाची रक्कम आणि पूर्वी भरलेल्या रकमेची वजावट हे चारही आकडे वकिलांसमवेत तपासावेत.

४. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. रक्कम न्यायालयाच्या आदेशात सांगितलेल्या पद्धतीनेच भरावी, पावती घ्यावी आणि भरण्याची लेखी सूचना दुसऱ्या बाजूस द्यावी. खरेदीदाराच्या हाती परस्पर पैसे देऊन तोंडी समजुतीवर राहू नये.

५. अडचण आल्यास मुदत संपण्यापूर्वीच वाढीचा अर्ज करावा.

ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि गावपातळीवरील कर्मचारी यांच्याकडे लोक प्रथम सल्ल्यासाठी येतात. त्या वेळी हक्क आहे की नाही एवढेच सांगून थांबू नये. तो हक्क किती रकमेचा आहे आणि ती रक्कम कोणत्या तारखेस भरावयाची आहे, हे दोन प्रश्न विचारावयास त्यांना शिकविले, तर न्यायालयात जिंकलेले घर भरण्याच्या खिडकीपाशी गमावण्याची पाळी कोणावर येणार नाही. ज्यांना खर्च झेपत नाही, त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अथवा तालुका विधी सेवा समितीकडे पाठविणे हेही या मार्गदर्शनाचेच एक अंग आहे.